मांजरीविरुद्ध ठराव

जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीची सर्वसाधारण सभा गेल्या महिन्यात झाली. विषयपत्रिकेवर पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, लिफ्टचा देखभाल करार आणि शेवटी ‘इमारतीत मांजर पाळण्यास मनाई करणे’ असे तीन विषय होते. पहिले दोन वीस मिनिटांत आटोपले. मांजरांवर पावणेदोन तास वाद झाला, दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालं आणि ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. माझ्या घरी दोन मांजरं आहेत हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा कल कुणीकडे आहे ते वाचणाऱ्याला ठाऊक असेल. पण त्या रात्री मी अस्वस्थ होऊन घरी आले ती ठरावामुळे नाही. दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं त्यात मांजर नावाचा प्राणी कुठे दिसलाच नाही, याचं मला वाईट वाटलं.

एका बाजूला मांजर म्हणजे घाण, रोगराई आणि रिकामा चोचला. दुसऱ्या बाजूला ‘मुक्या जिवाला हाकलाल तर पाप लागेल’ आणि ‘माझ्या घरात मी काय पाळायचं ते मी ठरवीन’. पहिल्यांच्या लेखी तो उपद्रव, दुसऱ्यांच्या लेखी पुण्य मिळवायचं साधन, नाहीतर मालकीची वस्तू. माझं म्हणणं असं आहे की मांजराची सोबत ही खरी सोबत असते. माणसं मिळत नाहीत म्हणून केलेली ती तडजोड नसते. आणि ती खरी आहे म्हणूनच तिच्याबरोबर कर्तव्यं येतात, अगदी मोजता येतील, विचारता येतील अशी. ती कर्तव्यं पाळली जातात का, हे विचारायचा शेजाऱ्यांना पूर्ण अधिकार आहे. सोबतच काढून घ्यायचा अधिकार मात्र त्यांना नाही.

विरोध करणाऱ्यांकडे मुद्देच नव्हते असं मी म्हणणार नाही. हडपसरचं उदाहरण त्या रात्री तिघांनी दिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात हडपसरच्या एका सोसायटीत, एकाच सदनिकेत तीनशेच्या आसपास मांजरं असल्याचं समोर आलं. शेजारी दुर्गंधीनं आणि आवाजानं जेरीस आले होते आणि शेवटी प्रशासनाला नोटीस काढावी लागली. मी त्या मजल्यावर राहत असते तर मीही तक्रार केली असती, आणि ती शेजाऱ्यांसाठी जितकी केली असती तितकीच त्या मांजरांसाठी. बंद घरात शेकडो मांजरं कोंबणं हे प्राणिप्रेम असूच शकत नाही. एवढ्या गर्दीत एकाला ताप आला, एकानं दोन दिवस खाल्लं नाही, हे कळणार तरी कसं? पण तीनशेचं उदाहरण एका मांजराविरुद्ध कसं चालेल? एखाद्यानं घरात तीनशे पोती फटाके साठवले म्हणून दिवाळीत कुणी फुलबाजी लावू नये, असं आपण म्हणतो का? आपण साठ्याला बंदी घालतो.

आपल्याकडे एक जुनी गोष्ट सांगतात. गुरूंच्या घरी श्राद्धाच्या दिवशी त्यांचं मांजर पानांमध्ये लुडबुड करायचं, म्हणून ते विधी आटपेपर्यंत त्याला टोपलीखाली डालून ठेवत. गुरू गेले, मांजरही गेलं. पुढच्या वर्षी श्राद्ध आलं तेव्हा शिष्य गावभर फिरून एक मांजर शोधून घेऊन आले आणि टोपलीखाली डालून मगच विधीला बसले. आमच्या सभेत तेच चाललं होतं. आमच्या इमारतीत सगळी मिळून पाच मांजरं आहेत. पुण्यातली ती बातमी कुणीतरी मोबाइलवर वाचली आणि ती टोपली आणून इथल्या पाच मांजरांवर घातली.

कायद्याचं बोलायचं तर ठराव टिकणार नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला बहुमताच्या जोरावरही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. आमच्यातल्या एका बाजूनं हा कागद सभेत फडकवला आणि वाद जिंकल्यासारखं ते खाली बसले. मला ते आवडलं नाही. वरच्या मजल्यावरच्या एका मुलाला दमा आहे. त्याच्या आईनं विचारलं, “जिन्यात मांजर बसलेलं असतं, त्याचे केस उडतात, माझ्या लेकराला धाप लागते. तुमच्या कागदात याचं काय लिहिलंय?” त्या रात्रीचा सगळ्यात प्रामाणिक प्रश्न तोच होता, आणि त्याला कुणी उत्तर दिलं नाही. मांजराची ॲलर्जी केसांमुळे होते असं आपण म्हणतो, पण मूळ कारण त्याच्या लाळेतलं आणि त्वचेतलं एक प्रथिन. अंग चाटताना ते केसांना लागतं, वाळतं आणि हवेत तरंगतं. त्या मुलाला होणारा त्रास कल्पनेतला नाही. म्हणून माझं उत्तर सरळ आहे: जिना सगळ्यांचा आहे, मांजर माझं आहे, तेव्हा मांजर जिन्यात असता कामा नये. मांजर पाळणाऱ्यानं हे कबूल केल्याशिवाय पुढचं बोलूच नये.

रोगांची यादीही वाचली गेली. रेबीज मांजरामुळेही होऊ शकतो हे खरं आहे. म्हणूनच लस टोचायची, दरवर्षी टोचायची, आणि अनोळखी मांजर चावलं वा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. गर्भवतींना टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती घातली जाते, तीही पोकळ नाही. पण मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडणारी त्या परजीवीची बीजं संसर्ग करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मांजराच्या शौचाची वाळू रोज साफ होणाऱ्या घरात हा धोका फारच कमी उरतो, आणि गर्भवतीनं ते काम घरातल्या दुसऱ्याकडे द्यावं, एवढी काळजी घेतली की झालं. अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीला चिकटलेल्या मातीतूनही तो शरीरात जातो. त्यासाठी मंडई बंद करा असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. मांजर आडवं गेल्याच्या अपशकुनावर तर मी एक ओळही खर्च करणार नाही.

पक्ष्यांचा मुद्दा मात्र माझ्या बाजूच्या लोकांनी उडवून लावला, तसं करायला नको होतं. आपल्या जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. माळरानावर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचं जगणं किती नाजूक असतं, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. मांजर पोट भरलेलं असलं तरी शिकार करतं, तो त्याचा पिंड आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं, तिथे मोकळी फिरणारी मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात असा अंदाज मांडला होता. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू होणार नाही, पण त्यातला अर्थ नाकारता येत नाही. यावरही उत्तर तेच: मांजर घरात.

मग लगेच विचारलं जातं, अशा जिवाला चार भिंतींत कोंडणं हा छळ नाही का? वैष्णव आचार्यांच्या परंपरेत दोन न्याय सांगितले आहेत. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहतं, तो मर्कटकिशोरन्याय. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला मानेला धरून उचलते आणि नेईल तिकडे नेते, तो मार्जारकिशोरन्याय. तो वाद भक्त आणि देव यांच्यातल्या नात्याचा होता, पण मला तो माझ्या खिडकीपाशी रोज आठवतो. खिडकीला जाळी लावली त्या दिवशी मी माझ्या मांजरांना मानेला धरून उचललं. त्यांनी काय खायचं, कुठे उन्हाला बसायचं, कुठे उडी मारायची, दुखलंखुपलं तर कुणाकडे जायचं, सगळं मी ठरवणार. मग मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर गेल्यावर वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या घरात सावलीची जागा आणि गार पाणी ठेवणं हे माझं औदार्य ठरत नाही, ते माझ्याकडे लागलेलं देणं आहे. चढायला उंच फळी, नखं घासायला सुतळी गुंडाळलेला खांब, संध्याकाळी पंधरा मिनिटं दोरीमागे पळणं, एवढं असेल तर घरातलं मांजर सुखात राहतं आणि रस्त्यावरच्या मांजरापेक्षा कितीतरी जास्त जगतं. हे करायची तयारी नसेल त्यानं मांजर आणू नये. यात मला सवलत मान्य नाही.

आता त्या मुद्द्याकडे येते ज्यानं मला खरोखर गप्प केलं. सभेत एक निवृत्त गृहस्थ उठले आणि म्हणाले, “मुलं विचारत नाहीत म्हणून मांजरं पाळायची, ही आपली हार आहे. माणसं जोडा. एकटेपणावर मांजर हे औषध नाही, ती गुंगीची गोळी आहे.” सगळे शांत झाले, कारण त्यांच्या बोलण्यात दुःख होतं आणि तथ्यही. आमच्या इमारतीत चोवीस घरं आहेत. त्यातल्या निम्म्याहून अधिक घरांतली मुलं पुण्याला, हैदराबादला किंवा त्याहून लांब आहेत. हे शहर एके काळी माणसं ओढून घेत होतं. १८७० च्या दशकात जुनी गिरणी उभी राहिली आणि तेव्हापासून पुढची शंभर वर्षं इथं तेलंगणातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून माणसं पोटासाठी येत राहिली. एकामागून एक गिरण्यांचे भोंगे बंद झाले आणि प्रवाह उलटा फिरला. ज्या घरांत पूर्वी झोपायला जागा नसायची, तिथे आता दोन म्हातारी माणसं राहतात, कधी एकच.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा पुण्याला असतो आणि तो आईला विचारत नाही असं कुणी म्हणू नये. महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्री तो हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो आणि सोमवारी सकाळी तिनंच परत जातो. रोज रात्री फोन करतो. मी अशी मुलं पाहिली आहेत जी एका गावात राहून एवढं करत नाहीत. तरी महिन्यातले सव्वीस दिवस आणि प्रत्येक दिवसाची दुपार उरतेच. काकूंच्या दारात कुणीतरी सोडून दिलेलं एक पिल्लू आलं, त्यांनी ते घेतलं, नाव ठेवलं मनी. मी एकदा विचारलं, बरं वाटतं का हो हिच्यामुळे? त्या म्हणाल्या, “सकाळी उठायला कारण लागतं ग. हिला भूक लागते म्हणून मी उठते. उठले की चहा होतो. चहा झाला की दिवस सुरू होतो.”

मला वाटतं त्या गृहस्थांनी सोबतीचा अर्थ फक्त बोलणं असा धरला. बोलायला माणूसच हवा, यात वाद नाही. पण सोबत म्हणजे आणखीही काही असतं. आपल्याशिवाय दुसरं कुणीतरी घरात श्वास घेत आहे, त्याची काही गरज आहे, आपण दार उघडलं की ते मान वर करून बघतं. मंगळवारी दुपारी अडीच वाजता पंख्याखाली पडलेल्या बाईच्या पायाशी मुटकुळं करून झोपलेलं मांजर घुरघुरतं, तेव्हा ती बाई मुलाला विसरते का? काकू विसरलेल्या नाहीत. उलट रात्रीच्या फोनवर सांगायला त्यांच्याकडे काहीतरी असतं. ‘जेवलीस का, जेवले’ यापलीकडे न जाणारा तो फोन आता पंधरा मिनिटं चालतो, कारण मनीनं दुधाच्या पातेल्यावरची जाळी कशी उलटवली हे नातीला ऐकायचं असतं. शेजारची तीन पोरं त्यांच्या घरी येतात ती मनीसाठी, आणि पोरांच्या मागून त्यांच्या आया येतात. माणसं जोडा असं ते गृहस्थ म्हणाले. इथे माणसं जोडली जात होती, ती एका मांजरामुळे. गुंगीची गोळी घेतलेला माणूस दार लावून झोपतो. काकूंचं दार उघडं असतं.

त्यांच्या म्हणण्यातला एक भाग मी तरीही मान्य करते. मांजर आणून दिलं म्हणजे आईची सोय लागली, असं कुणी मूल मानत असेल तर ते चूक आहे. मांजर आजारी आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेणार नाही. पण ही चूक मांजराची नाही, आणि मांजर काढून घेतल्यानं ती सुधारणारही नाही. बंदी आली तर काकूंचा मुलगा महिन्यातून चारदा येऊ लागेल का?

मांजर पाळणं हा पोट भरलेल्यांचा चोचला आहे, असंही बोललं गेलं. ज्या शहरात नळाला कित्येकदा चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथे मांजरांचे लाड कसले, हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. माझं लहानपण साखर पेठेत गेलं. आमच्या भिंतीला लागून एका विणकर कुटुंबाचा कारखाना होता, चार माग. सुताला लावलेल्या खळीच्या वासानं उंदीर यायचे आणि एका रात्रीत बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला मागाचा रूळ, कुरतडून ठेवायचे, म्हणून तिथे मांजर असायचंच. मागांच्या त्या खटखटाटात ते सुताच्या पोत्यावर निवांत झोपलेलं असायचं. घरातली आजी त्याला ‘पिल्लि’ म्हणायची. तेलुगूत पिल्लि म्हणजे मांजर हे मला फार उशिरा कळलं, तोवर मला वाटायचं ते म्हातारीच्या डोळ्यांना पिल्लूच दिसतं. गल्लीच्या एका टोकाला त्याच मांजराला ‘बेक्कु’ म्हणत, दुसऱ्या टोकाला ‘बिल्ली’. कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत आजही जाऊन बघा. मांडीवर सूप घेऊन हजार विड्या वळत बसलेल्या बाईच्या उंबऱ्यावर मांजर असतं आणि तिच्या ताटातला घास त्यालाही मिळतो. गरिबाच्या घरी मांजर असतं तेव्हा आपल्याला ते दिसत नाही, आणि सदनिकेत आलं की तो चोचला ठरतो. असं का?

याचं एक उत्तर मला इतिहासात सापडतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं तो आपल्या भागात घरंच्या घरं रिकामी करत राहिला. त्या काळात अमरावतीला बुकॅनन नावाचे एक लष्करी वैद्यक सेवेतले डॉक्टर होते. ज्या गावांत मांजरं पुष्कळ तिथे उंदीर कमी आणि प्लेगही कमी, असं त्यांचं निरीक्षण होतं. १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी मांजर हा प्लेगवरचा प्रतिबंध आहे असा लेख लिहिला. मांजर पाळा, हा तेव्हाचा शहाणपणाचा सल्ला होता. पुढे मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसालाही होऊ शकतो, हे स्पष्ट झालं. म्हणजे उपयोगाच्या हिशेबात मांजर एकदा रक्षणकर्तं ठरलं आणि एकदा संशयित. नंतर उंदराचं औषध दुकानात मिळू लागलं, धान्याची कणगी जाऊन पाच किलोची पिशवी आली, माग बंद पडले, आणि मांजराचं काम संपलं. तेव्हापासून विचारलं जाऊ लागलं, याचा उपयोग काय? हा प्रश्न या शहरानं माणसांनाही विचारला आहे. गिरणी बंद झाल्यावर पन्नाशीच्या कामगाराला घरात आणि घराबाहेर तो किती वेळा ऐकावा लागला, हे ज्यांच्या घरात गिरणी कामगार होता त्यांना विचारा. मला म्हणूनच मांजराची बाजू उपयोगावर उभी करायची नाही. मांजरामुळे रक्तदाब कमी होतो, मन शांत होतं, असं सांगून ठराव हाणून पाडायचा मोह मला झाला होता. मी तो सोडला, कारण उपयोग संपला की ज्याला बाहेर काढता येतं त्याला सोबती म्हणता येत नाही.

‘कुत्रं माणसाचं, मांजर घराचं’ ही म्हण त्या सभेत निदान चारदा आली असेल. मांजर स्वार्थी, त्याला माणसाची माया नाही, मग सोबत कसली? अभ्यास वेगळं सांगतो. २०१९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात मांजराच्या पिल्लांना अनोळखी खोलीत थोडा वेळ एकटं ठेवलं आणि मग त्यांचा माणूस परत आला. साधारण दोन तृतीयांश पिल्लं त्याला बघून सावरली, जवळ येऊन पुन्हा खोली हुंगत हिंडू लागली. तान्ही मुलं आईबाबतीत जे करतात तेच हे. त्याच वर्षी जपानमध्ये दिसून आलं की घरातलं मांजर आपलं नाव इतर शब्दांमधून वेगळं ओळखतं. ओळखूनही ते उठून येत नाही, हा भाग निराळा. मोठी मांजरं आपसांत म्याव म्याव क्वचितच करतात, तो आवाज ती मुख्यतः माणसासाठी राखून ठेवतात. मग माया नाही असं आपल्याला का वाटतं? कारण हाक मारली की ते धावत येत नाही. आज्ञा पाळणं म्हणजेच प्रेम, ही आपली फार जुनी समजूत आहे, आणि ती आपण फक्त जनावरांना लावली नाही. सुनेला लावली, मुलीला लावली, घरी कामाला येणाऱ्या बाईला लावली. उलट उत्तर न देणारी ती मायेची. मांजर ही मोजपट्टी मोडतं. त्याला यायचं असेल तेव्हा ते येतं, आणि आलं की ते स्वतःच्या इच्छेनं आलेलं असतं. माझ्या मते तीच त्याच्या सोबतीची किंमत आहे.

माझ्या बाजूच्या लोकांशी माझं भांडण याहून मोठं आहे, आणि ते मी मऊ शब्दांत मांडणार नाही. जिन्यात वाटीभर दूध ठेवून आपण भूतदया केली असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक हिशेब करावा. मांजरी साधारण चार ते सहा महिन्यांची झाली की माजावर येते. दोन महिन्यांच्या आसपास तिचे दिवस भरतात, एका विण्याला तीन ते पाच पिल्लं, आणि वर्षातून दोन-तीन वेळा ती विऊ शकते. तीनशे मांजरं जमायला क्रौर्य लागत नाही. नसबंदी न करणारी दयाच पुरते. आणि पिल्लं झाली की काय होतं, हे आपण सगळे जाणतो. गोणपाटाच्या पिशवीत घालून पहाटे मंडईत सोडून येतात, तिथे खायला मिळेल असं म्हणून. डोळे न उघडलेल्या पिल्लाला मंडईत कोण खायला घालणार? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं उपासमारीनं तळमळेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा गुन्हा ठरवला आहे, पण आपल्याकडे ते घरातल्या वडीलधाऱ्यांनी पोरांना सांगायचं एक काम आहे. पाप लागेल म्हणून ओरडणाऱ्यांपैकी दोघांनी हे केलेलं मी पाहिलं आहे.

दुधाचंही तेच. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, त्यांना जुलाब होतात. दूध-चपातीवर वाढलेल्या मांजराला टॉरिन नावाचा घटक पुरेसा मिळत नाही, तो मुख्यतः मांसामाशांत असतो, आणि त्याच्या अभावी मांजर आंधळं होतं, त्याचं हृदय दुबळं होतं. आमच्या इमारतीत शाकाहारी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या अन्नाच्या निष्ठेचा मला आदर आहे. पण आपली निष्ठा मांजराच्या ताटलीत वाढता येत नाही. त्याचं तयार खाद्य घरात आणायला मन धजत नसेल, तर मांजर न पाळणं हाच त्या घराचा प्रामाणिक निर्णय. आणि मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी फोडून कुणी कधीही देऊ नये. अर्ध्या गोळीनंही मांजर मरू शकतं. ही माहिती मला अशा वेळी मिळाली जेव्हा उशीर झाला होता, माझ्या पहिल्या मांजराच्या बाबतीत. म्हणून ती मी भेटेल त्याला सांगते.

ऑगस्ट २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांवरून देशभर जे रान पेटलं, त्यात हाच गोंधळ होता. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला: नसबंदी करा, लस टोचा आणि रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडून बाकीची जिथून उचलली तिथे परत सोडा. अकरा दिवसांत ‘हटवा’ वरून ‘सांभाळून ठेवा’ वर यावं लागलं. प्रकरण त्यानंतरही चालू राहिलं आणि कुत्रा चावलेल्या माणसाचं दुःख त्यानं मिटलं नाही, हे मला मान्य आहे. पण हटवायचं म्हणजे नेमकं कुठे, या प्रश्नाला बंदीवाल्यांकडे तेव्हाही उत्तर नव्हतं आणि आमच्या सभेतही नव्हतं. आमच्या पाच मांजरांचं काय करायचं, असं अध्यक्षांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “कुठेतरी सोडून या.” म्हणजे पुन्हा मंडईच.

२०२२ मध्ये पुणे महापालिकेनं मांजरांसाठीही परवाना सक्तीचा करायचं ठरवलं तेव्हा लोक हसले होते. मला तो निर्णय योग्य दिशेचा वाटतो. नोंद असली की जबाबदार कोण ते कळतं. आपल्या महापालिकेकडून मला याहून पुढचं हवं आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचा भर भटक्या कुत्र्यांवर आहे, मांजरांच्या नसबंदीचं फारसं कुणी बोलत नाही. शहरात एखाद्या ठिकाणी ती माफक खर्चात होऊ लागली, तर साखर पेठेतल्या विणकरालाही ती परवडेल आणि मंडईतल्या पिशव्या कमी होतील.

येत्या रविवारी सभा पुन्हा आहे. मी दुरुस्ती मांडणार आहे. एका घरात जास्तीत जास्त दोन मांजरं. सहा महिन्यांच्या आत नसबंदी आणि दरवर्षी रेबीजची लस, दोन्हींच्या पावत्या संस्थेकडे जमा. खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी. जिन्यात मांजर दिसलं तर मालकाला दंड, आणि वाळू घट्ट बांधलेल्या पिशवीतच घंटागाडीत. दमा असलेल्या मुलाच्या आईला मी मसुदा आधी वाचून दाखवला. तिनं जिन्यात खायला ठेवणाऱ्यालाही दंड असावा असं सुचवलं, ते मी घातलं. ती मत कुणाला देईल हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काकूंची मनी आठ महिन्यांची आहे, तिचं ऑपरेशन व्हायचं राहिलं होतं. गुरुवारची वेळ मिळाली आहे. टाके भरेपर्यंत तिला उंचावरून उड्या मारू द्यायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून काल काकूंनी आम्हा दोघा-तिघांना बोलावून यजमानांची लोखंडी ट्रंक कपाटावरून खाली काढून घेतली. चार वर्षं ती तिथून कुणी हलवली नव्हती.